पडद्यामागची सेवा: मंडळीत नाव न होता नीट काम कसं करावं

काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा येशूच्या सांगण्यावरून सहा दगडी रांजण पाण्यानं काठोकाठ भरणारी माणसं कोण होती, हे योहानानं आपल्या शुभवर्तमानात लिहून ठेवलेलं नाही. पण एक गोष्ट त्यानं आवर्जून नोंदवली आहे. त्या पाण्याचा झालेला द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला कळलं नाही. ज्यांनी पाणी काढलं होतं त्या चाकरांना मात्र ते ठाऊक होतं (योहान २:९). पडद्यामागं काम करणाऱ्याला काय मिळतं, असं मला कुणी विचारलं की मी हीच ओवी दाखवते. प्रभू काम करतो तेव्हा सगळ्यात जवळ उभं राहायला मिळतं.

बरीच वर्षं मी खुर्च्या मांडल्या, प्रभुभोजनाचे प्याले धुतले, अर्पणाचा हिशेब ठेवला, तान्ह्या बाळांच्या खोलीत बसले. या कामांबद्दल आपण व्यासपीठावरून पुष्कळ कौतुकानं बोलतो, पण ती करायची कशी हे क्वचितच कुणी शिकवतं. "नम्र व्हा" एवढं सांगून भागत नाही. कामात नम्रता दिसते ती वेळेवर येण्यात, विचारून करण्यात, लिहून ठेवण्यात आणि वेळ आली की सोडून देण्यात. म्हणून हा लेख भावनेबद्दल कमी आणि हातांबद्दल जास्त आहे.

पायरी १: आधी नुसतं बघा

सेवा करायची ओढ लागली की पहिली चूक आपण अशी करतो की पाळकांना गाठून म्हणतो, "मला काहीतरी काम द्या." आता त्यांना त्यांच्या कामातून वेळ काढून तुमच्यासाठी काम शोधावं लागतं. त्याऐवजी तीन-चार रविवार उपासनेच्या एक तास आधी या आणि सगळे गेल्यावर थांबा. दार कोण उघडतं? माईकच्या तारा कोण गुंडाळतं? नव्यानं आलेल्या माणसाशी कोण बोलतं, आणि कुणीच बोलत नसेल तर तो कुठं जाऊन उभा राहतो? कचरा कोण बाहेर नेतं? जिना चढता न येणाऱ्या आजींना कोण आणतं?

दोन-तीन आठवड्यांत तुम्हाला एक माणूस दिसेल जो चार जणांचं काम एकटा करतो. प्रत्येक मंडळीत असा एक तरी असतो. त्याच्याकडे जा आणि विचारा, "यातलं कुठलं काम दर आठवड्याला मी केलं तर तुमचं ओझं हलकं होईल?" या प्रश्नात तुमची आवड मध्ये येत नाही. उत्तर बहुतेक वेळा अगदी साधं मिळतं: "शेवटी कुलूप लावायला थांबाल का?" तेच घ्या.

पायरी २: एकच काम घ्या आणि त्याच्या कडा ठरवा

गणनेच्या चौथ्या अध्यायात निवासमंडप, म्हणजे रानातल्या प्रवासातला इस्राएलाचा उपासनेचा तंबू, वाहून नेण्याची लेवी लोकांतली वाटणी आहे. कहाथाच्या वंशाकडे पवित्र पात्रं, गेर्षोनाच्या वंशाकडे पडदे, आणि मरारीच्या वंशाकडे फळ्या, खांब, उथळ्या, मेखा आणि दोऱ्या. मरारी वंशासाठी एक खास सूचना आहे: त्यांनी वाहायची एकेक वस्तू नावानिशी नेमून द्या (गणना ४:३२). मेखा आणि दोऱ्या, नावानिशी! कराराचा कोश वाहणाऱ्याची जबाबदारी मोठी हे खरंच, पण मेख हरवली तर मंडप उभा राहत नाही, आणि देवानं त्या मेखांचीसुद्धा यादी करायला लावली.

तुमच्याही कामाची यादी असू द्या. अर्ध्या पानावर चार गोष्टी लिहा: काम नेमकं काय, ते किती वाजेपर्यंत संपलं पाहिजे, अडचण आली तर कुणाला सांगायचं, आणि तुम्ही येऊ शकला नाहीत तर कोण करणार. मग तो कागद जबाबदार व्यक्तीला दाखवा. सुरुवातीला तीन महिन्यांचाच शब्द द्या. "आयुष्यभर करीन" म्हणून सहाव्या आठवड्यात गायब होणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. तीन महिने म्हणून तीन महिने न चुकता येणारा मंडळीला जास्त उपयोगी पडतो.

आणि पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सुचवू नका. काही गोष्टी खरोखरच चुकीच्या असतील. पण प्याले त्याच कपाटात का ठेवतात, यामागं कदाचित असं कारण असेल जे तुम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पायरी ३: काम शिका, अगदी मन लावून

या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण साधं काम म्हणजे न शिकता येणारं काम, असा आपला समज आहे. निवासमंडप घडवणाऱ्या बसालेलाला देवानं आपल्या आत्म्यानं भरलं ते सोनं, रुपं, पितळ घडवण्यासाठी, रत्नं कोंदणात बसवण्यासाठी आणि लाकडाच्या कोरीवकामासाठी (निर्गम ३१:२-५). त्याला आणि अहलियाबाला दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही दिली (निर्गम ३५:३४). म्हणजे कसब हेही आत्म्याचं दान. गबाळं काम करून वर "प्रभू मन पाहतो" म्हणणं मला पटत नाही.

ध्वनिव्यवस्था तुमच्याकडे असेल तर काही गोष्टी पक्क्या करा. सुरू करताना आधी मिक्सर, सगळ्यात शेवटी अँप्लिफायर. बंद करताना उलट, आधी अँप्लिफायर. नाहीतर स्पीकरमधून धाडकन आवाज येतो आणि स्पीकर खराबही होऊ शकतो. शिटी वाजते ती माईकमध्ये स्पीकरचाच आवाज परत शिरतो म्हणून. तेव्हा माईक स्पीकरच्या मागच्या बाजूला राहील असं बघा, बोलणाऱ्याला माईक तोंडाजवळ धरायला सांगा आणि जो माईक वापरात नाही तो बंद ठेवा. बिनतारी माईकच्या बॅटऱ्या उपासनेआधी तपासा, एक जोडी खिशात असू द्या. शिटी वाजलीच तर पाळकांकडे बघून खुणा करू नका. हळूच आवाज कमी करा.

पडद्यावर गीतांचे शब्द दाखवायचे असतील तर आदल्या रात्री सगळी गीतं आणि शास्त्रभाग एकदा मोठ्यानं वाचून काढा. शुद्धलेखनाच्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला अडखळतात. ओळीचा शेवटचा शब्द सुरू झाला की पुढचं पान आणा. संपल्यावर आणलं तर अख्खी मंडळी अर्धा क्षण मागं राहते.

मुलांच्या खोलीत दोन नियम कधीही मोडू नका, कुणी कितीही जवळचं असलं तरी. एक, मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं हवीत आणि ती एकाच कुटुंबातली नकोत. दोन, ज्यानं मूल सोडलं त्याच्याच हाती, किंवा त्यानं आधी सांगितलेल्या माणसाच्या हाती, मूल परत द्यायचं. नोंदवही ठेवा. कुठल्या बाळाला काय खाल्लं की त्रास होतो हे दाराशी लिहून लावा. पालकांना विचारल्याशिवाय फोटो नाही. "आपल्याच मंडळीतली माणसं आहेत, एवढं कशाला?" असं कुणीतरी म्हणेलच. तेव्हा न रागावता, न हसता तोच नियम पुन्हा सांगा. लेकरांच्या बाबतीत विश्वास म्हणजे नियमांत सूट नव्हे.

खुर्च्या मांडणं सगळ्यांत सोपं वाटतं. तरी मधली वाट चाकांची खुर्ची जाईल इतकी रुंद ठेवा, आणि रांगेत एक जागा मोकळी सोडा, म्हणजे त्या खुर्चीतल्या माणसाला एकटं कडेला बसावं लागणार नाही. तान्ही मुलं असलेल्या आयांसाठी दाराजवळच्या दोन रांगा राखा. बाहेर पडायच्या वाटेत सामान ठेवू नका.

प्रभुभोजनाच्या तयारीबद्दल एवढंच: उरलेली भाकर आणि द्राक्षरस यांचं काय करायचं याची प्रत्येक परंपरेत वेगळी रीत आहे. स्वतःच्या मनानं काही करू नका, विचारा.

पायरी ४: पैशाला दोन जोड्या डोळे

हिशेबाचं काम भरवशाच्या माणसाला देतात. म्हणूनच त्या माणसानं स्वतःहून म्हणावं की मला एकट्याला पैसे मोजू देऊ नका. पौलानं यरुशलेमेच्या पवित्र जनांसाठी वर्गणी जमवली तेव्हा ती पोहोचवताना सोबत इतर बंधूंना घेतलं आणि कारणही लिहिलं: एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी आमच्यावर दोष ठेवू नये, जे प्रभूच्या दृष्टीनं चांगलं तेच माणसांच्या दृष्टीनंही चांगलं असावं (२ करिंथ ८:२०-२१). प्रेषित स्वतःच्या प्रामाणिकपणाची साक्ष स्वतः देत बसला नाही. आणि येशूच्या बारा शिष्यांतली पैशाची डबी त्याला धरून देणाऱ्या यहूदाकडे होती हेही विसरू नका (योहान १२:६).

अर्पण त्याच जागी, उपासना संपताच, नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा जुळला की कागदावर लिहून दोघांनी सह्या करायच्या. मोजणारा आणि खातेवही लिहिणारा एकच नको. रोकड घरी नेऊन ठेवू नका, लवकरात लवकर बँकेत भरा. कुणी किती दिलं हे तुमच्या तोंडून कधीही बाहेर जाऊ देऊ नका, अगदी कौतुकानंसुद्धा.

पायरी ५: पाळकांच्या आणि इतरांच्या सोबत

रफीदीम इथं अमालेकाशी लढाई चालली असताना मोशेचे वर उचललेले हात थकले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला बसायला धोंडा आणून दिला आणि दोन बाजूंनी त्याचे हात धरून ठेवले (निर्गम १७:१२). आधी बसायची सोय, मग हातांना आधार. पाळकांना मदत करायची तर ती अशी, त्यांच्या थकव्याकडे बघून. रविवारी उपासनेच्या दहा मिनिटं आधी छपराची गळती, बिलाची थकबाकी, कुणाची तक्रार, यांतलं काहीही त्यांच्या कानावर घालू नका. सोमवारी किंवा मंगळवारी सांगा, आणि शक्य असेल तर तोडगा सोबत घेऊन जा.

पडद्यामागं वावरताना कानावर बरंच काही पडतं. कुणाचा आजार, कुणाच्या घरातला तंटा, कुणाचं कर्ज. प्रार्थनेच्या नावाखाली ते पुढं सरकवणं हा आपल्यातला फार जुना दोष आहे. "अमक्यासाठी प्रार्थना करा, तुम्हाला माहीत आहे ना काय झालं ते?" ही प्रार्थना नव्हे. ज्याची गोष्ट आहे त्याची परवानगी असेल तरच बोला.

कुणाशी बिनसलं तर एकांतात त्याच्याशीच बोला, मत्तय १८:१५ सांगतं तसं. तो निरोप फोनवर लिहून पाठवू नका. लिहिलेल्या शब्दांना सूर नसतो.

पायरी ६: मनाची गोष्ट

एका नाताळाच्या कार्यक्रमासाठी मी सहा आठवडे राबले होते. कपडे शिवले, मुलांना शब्द पाठ करून घेतले, रात्री उशिरापर्यंत सभागृह झाडलं. शेवटी आभार मानले गेले तेव्हा माझं नाव राहून गेलं. ज्या बाईनं फक्त पडदा ओढला होता तिचं नाव आलं. मी हसत घरी गेले आणि पुढचे कितीतरी आठवडे आतून धुमसत राहिले. "मला नावाची हौस नाही" असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले होते आणि ते खोटं होतं, हे मला त्या रात्री कळलं.

त्यातून बाहेर यायला मला जे उपयोगी पडलं ते सांगते. पहिलं, मी काम सोडलं नाही; रुसवा आपोआप ओसरेल म्हणून नव्हे, पण पुढच्या रविवारी लेकरं येणारच होती. दुसरं, मंडळीतल्या एका वयस्कर ताईंना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही, माझ्याबरोबर गुडघे टेकले. तिसरं, ज्या बाईचं नाव आलं तिच्यासाठी मी रोज नाव घेऊन प्रार्थना करू लागले. पहिले काही दिवस ते शब्द घशात अडकत. नंतर अडकेनासे झाले.

मत्तय ६ मध्ये येशू म्हणतो की डाव्या हाताला उजव्या हाताचं काम कळू नये. मी बरीच वर्षं याचा अर्थ लोकांपासून लपवणं असा घेत होते. पण डावा हात माझाच आहे. स्वतःचं काम स्वतःच मोजत बसू नये, असं प्रभू सांगतो आहे. मी किती वाजता आले, कोण आलं नाही, गेल्या वर्षी कुणी काय केलं, ही मनातली वही बंद करायची. ही वही उघडली गेली की येशूला घरी बोलावणाऱ्या मार्थेचं झालं तसं होतं. स्वयंपाक केला म्हणून प्रभूनं तिला काही म्हटलं नाही. ती पुष्कळ गोष्टींची दगदग करत होती आणि बहिणीकडे बोट दाखवत होती, ते त्यानं तिला प्रेमानं दाखवून दिलं (लूक १०:४०-४२).

कुणी कौतुक केलंच तर? "छे छे, मी काय केलं, सगळं प्रभूनं केलं" असं म्हणून समोरच्याला ओशाळवाणं करू नका. "तुम्हाला बरं वाटलं, मला आनंद झाला" एवढं पुरे. खोटी नम्रता कौतुक दुसऱ्यांदा मागून घेते.

आणि जर तुम्ही पुढारी असाल, तर पडद्यामागच्या माणसांना नम्रतेचे धडे देऊ नका. त्यांची नावं लक्षात ठेवा. रोमकरांच्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौलानं वीसहून अधिक माणसांना नावानं सलाम सांगितला आहे. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची तो आधी शिफारस करतो, कारण ती पुष्कळांना साहाय्य करणारी झाली होती. त्याच अध्यायात, बावीसाव्या ओवीत, पत्र लिहून घेणारा तर्तियस क्षणभर स्वतः बोलतो: हे पत्र लिहिणारा मी तर्तियस तुम्हाला प्रभूमध्ये सलाम सांगतो. पौलानं ती ओळ राहू दिली. दावीदानंही बसोर ओढ्यापाशी थकून सामानाजवळ राहिलेल्या दोनशे जणांना लढाईवर गेलेल्यांइतकाच वाटा दिला आणि तो इस्राएलात नियमच करून टाकला (१ शमुवेल ३०:२४-२५).

पायरी ७: नम्रतेच्या नावाखाली काय सोसू नये

हे स्पष्टच लिहिते. पैशांत घोळ दिसला, एखाद्या लेकराला किंवा मोठ्या माणसालाही कुणी इजा करतंय असं कळलं, तर गप्प राहणं ही नम्रता नाही. एका पुढाऱ्याच्या कानावर घालून तो विषय दाबला गेला तर दुसऱ्याकडे जा, आणि मुलाच्या सुरक्षेचा प्रश्न असेल तर मंडळीत चौकशी होण्याची वाट न बघता कायद्यानं नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे जा. मंडळीची अब्रू झाकायला प्रभूला आपल्या मौनाची गरज नाही.

दुसरं, थकवा. शिष्य सेवेवरून परत आले तेव्हा त्यांना जेवायलाही सवड नव्हती, आणि येशू त्यांना म्हणाला की एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या (मार्क ६:३१). जीव नकोसा झालेल्या एलीया संदेष्ट्याला देवाच्या दूतानं दोनदा उठवून खाऊ घातलं, मधे झोपू दिलं, आणि पुढच्या वाटेबद्दल दुसऱ्या खेपेलाच बोलला (१ राजे १९). महिन्यातला एक रविवार तरी असा ठेवा की तुम्ही नुसते उपासनेला येऊन बसाल, हातात किल्ली नाही, कानाला हेडफोन नाही. घरच्या माणसांना तुमच्या सेवेचा कंटाळा येऊ लागला असेल तर त्यांचं ऐका. आणि "या वेळी मला जमणार नाही" हे वाक्य सबबी न जोडता म्हणायला शिका.

पायरी ८: वही लिहा आणि सोपवा

कामाला लागल्यापासूनच एक वही ठेवा. किल्ल्या कुठं, फ्यूज कुठला, दुरुस्तीला कुणाला बोलवायचं, सणाला किती जास्त खुर्च्या लागतात, गेल्या खेपेला काय चुकलं. तुमच्यानंतर येणाऱ्या अनोळखी माणसासाठी लिहा. जो माहिती स्वतःजवळच ठेवतो तो नकळत मंडळीला स्वतःवर अवलंबून ठेवतो, आणि ते त्याला गोडही वाटू लागतं. मला वाटलं आहे, म्हणून सांगते.

एका तरुणाला किंवा तरुणीला सोबत घ्या. पहिला महिना तिनं बघायचं, दुसऱ्या महिन्यात दोघींनी मिळून करायचं, तिसऱ्यात तिनं करायचं आणि तुम्ही बघायचं. एडवर्ड किंबल नावाच्या संडे स्कूल शिक्षकानं १८५५ साली बोस्टनमधल्या जोड्यांच्या दुकानात जाऊन आपल्या वर्गातल्या एका पोराशी ख्रिस्ताबद्दल बोलणं केलं. तो पोरगा म्हणजे पुढं जगभर गाजलेला सुवार्तिक ड्वाइट मूडी. किंबल त्या दिवशी आपल्या वर्गातल्या एका मुलाशी बोलायला गेला होता, एवढंच. तुमच्यासोबत तारा गुंडाळायला शिकणारं पोर पुढं काय होईल हे बघणं तुमच्या वाट्याला येईल किंवा येणार नाही.

लेवी लोकांसाठी असा नियम होता: वयाच्या पन्नासाव्या वर्षी नेमाच्या कामातून बाजूला व्हायचं, पण दर्शनमंडपात आपल्या भावांना मदत करत राहायचं (गणना ८:२५-२६). बाजूला होणं आणि निघून जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या वर्षी मी प्याल्यांचं कपाट एका मुलीच्या हवाली केलं. पहिल्याच रविवारी तिनं सगळे प्याले वरच्या खणातून काढून खाली लावले. मला विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. तिनंच सांगितलं, "ताई, आजींचा हात वर पोहोचत नाही. त्यांनाही मदत करायची आहे." मी टॉवेल घेतला आणि पुसायला बसले.